वाटणीचं नाटक : नववीच्या वर्गात राजा लिअर

मालेगाव तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात जानेवारी २०२५ च्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलामुलींनी शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' या शोकांतिकेतले पाच प्रवेश करून दाखवले. भाषा आपली वऱ्हाडी. राजाच्या जागी पाटील, राज्याच्या जागी ऐंशी एकर वावर, सरदारांच्या जागी सालदार आणि बैलजोड्या. पाऊण तासाचा खेळ झाला. गावाचे नाव छापू नका, असे मुख्याध्यापकांनी बजावले आहे. कारण साधे आहे. गावात वाटणीचे दोन दावे चालू आहेत आणि दोन्हीकडची मंडळी त्या रात्री पहिल्या रांगेत बसली होती.

सोयाबीन-तुरीच्या पानावर हे नाटक कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण शेतकरी बंधूंनो, ही गोष्टच मुळी सातबाऱ्याची आहे. एक म्हातारा जिवंतपणी आपली सगळी जमीन लेकींच्या नावावर करून देतो आणि मग रस्त्यावर येतो, एवढेच तिचे सार. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात लिहिलेली ही गोष्ट आपल्या तालुक्यात बारा महिने घडते. तिकडे ती नाटकगृहात दाखवतात, इकडे ती तहसीलच्या व्हरांड्यात दिसते.

गोष्ट अशी. लिअर राजा ऐंशीच्या घरात पोचलेला. कारभाराचा कंटाळा आला, म्हणून राज्याचे तीन वाटे करून तीन लेकींना द्यायचे ठरवतो. इथवर ठीक. पण वाटे करताना त्याला हौस येते. भर दरबारात तो लेकींना विचारतो, तुमचे माझ्यावर प्रेम किती, ते सांगा. जी जास्त सांगेल तिला चांगला वाटा. थोरली आणि मधली तोंडाने साखर पेरतात. धाकटी कॉर्डेलिया खरी माया करणारी, पण तिला असले बोलता येत नाही. ती म्हणते, मला काही सांगायचे नाही. राजा चिडतो, तिला बेदखल करतो आणि सगळे राज्य दोघींत वाटून टाकतो. स्वतःकडे शंभर सरदार ठेवतो आणि एक महिना थोरलीकडे, एक महिना मधलीकडे राहायचे ठरवतो.

महिन्याची पाळी! आपल्याकडे म्हाताऱ्यांच्या जेवणाची पाळी लावतात ती काय वेगळी? आमच्या कामात आम्ही घरोघर जातो. शेतकऱ्याची सही पाहिजे असते, आधारची केवायसी राहिलेली असते. बुवा कुठे, असे विचारले की उत्तर मिळते, "या महिन्यात लहान्याकडं हाय." काही घरांत तर बाप थोरल्याकडे आणि माय धाकट्याकडे. पन्नास वर्षांचा संसार, आणि भेट होते ती लग्नात नाहीतर मातीला.

मराठीच्या मॅडमनी ही गोष्ट वर्गात सांगायला सुरुवात केली, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ही तं मिठाची गोष्ट हाय." तिचे बरोबरच होते. राजा तीन लेकींना विचारतो, मी तुम्हाला किती आवडतो. एक म्हणते साखरेएवढा, दुसरी म्हणते मधाएवढा, धाकटी म्हणते मिठाएवढा. आजीच्या तोंडून ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली आहे. ती जगभर सांगितली जाते. फरक एवढाच की आजीच्या गोष्टीत राजाला शेवटी अळणी जेवण वाढतात, त्याचे डोळे उघडतात आणि सगळे गोड होते. शेक्सपिअरने तसे होऊ दिले नाही. त्याच्या नाटकात डोळे उघडतात, पण फार उशिरा. धाकटी बापाला सोडवायला येते आणि तुरुंगात फासावर जाते. तिचे प्रेत हातांवर घेऊन म्हातारा शेवटचा श्वास सोडतो.

हे नाटक १६०६ साली इंग्लंडच्या राजापुढे झाल्याची नोंद आहे. त्याच्या थोडे आधी, १६०३ मध्ये, केंट परगण्यातल्या ब्रायन ॲन्सली नावाच्या म्हाताऱ्या जमीनदाराचे प्रकरण गाजले होते. थोरल्या लेकीने त्याला वेडा ठरवून इस्टेट ताब्यात घेण्याची खटपट केली. धाकटी वरपर्यंत अर्ज घेऊन गेली आणि बापाच्या बाजूने उभी राहिली. त्या धाकटीचे नाव कॉर्डेल. शेक्सपिअरने हे प्रकरण ऐकले असावे असे अभ्यासक म्हणतात. ऐकले असो वा नसो, बापाला वेडा ठरवून अंगठा घेण्याची युक्ती आपल्याकडच्या लोकांनी शोधलेली नाही, एवढे मात्र त्यावरून कळते.

अकोल्याचे हायस्कूल आणि शेक्सपिअर

खेड्यातल्या पोरांना शेक्सपिअर झेपणार का, असे गावात काही जण म्हणाले. त्यांना एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे आणि ती आपल्याच भागातली आहे.

समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर सातारा जिल्ह्यातल्या टेंभूचे. घरची अत्यंत गरिबी. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी अशी वणवण करत ते अकोल्याला आले आणि १८७५ साली अकोल्याच्या हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्या वेळी अकोल्याला विष्णू मोरेश्वर महाजनी हे शिक्षक होते. वऱ्हाडच्या शिक्षण खात्यात त्यांनी पुढे मोठे नाव मिळवले आणि १९०७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. हे महाजनी शेक्सपिअरचे भक्त. 'सिंबेलाइन' नाटकाचे त्यांनी 'तारा' नावाने मराठीकरण केले, 'विंटर्स टेल'चे 'मोहविलसित' केले. दोन्ही नाटकांचा शेवट गोड.

विद्यार्थ्याने मात्र शोकांतिका उचलली. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, तिथे आगरकर मास्तरकी करू लागले. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर या दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या तुरुंगाच्या दिवसांत 'हॅम्लेट'चे भाषांतर त्यांच्या हातात होते. १८८३ साली ते 'विकारविलसित' नावाने छापून निघाले आणि पुढे गणपतराव जोशी या नटाने त्यातल्या नायकाच्या कामाने महाराष्ट्र गाजवला. गुरूचे 'मोहविलसित', शिष्याचे 'विकारविलसित'. नावातसुद्धा वर्ग दिसतो.

म्हणजे वऱ्हाडातल्या एका हायस्कुलात शिकलेला गरीब घरचा पोरगा आणि दुसऱ्या हायस्कुलातला मास्तर, या दोन्ही नात्यांनी आगरकर इथे येतात. त्या काळी आपले वाशीम, तेव्हाचे बाशीम, वेगळा जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून बराचसा भाग अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा झाला. अकोल्याचे हायस्कूल हे अनेक वर्षे आपल्याही जिल्ह्याचे हायस्कूल होते, असे म्हणायला हरकत नाही.

लिअरचे मराठी रूपही नवे नाही. एकोणिसाव्या शतकातच शंकर मोरो रानडे यांनी 'अतिपीडचरित' नावाने ते केले. विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' १९७४ चा. आणि सगळ्यांना ठाऊक असलेला 'नटसम्राट' हे लिअरचेच मराठी बियाणे, पण आपल्या मातीत रुजलेले. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक २३ डिसेंबर १९७० रोजी रंगमंचावर आले. डॉ. श्रीराम लागू आप्पासाहेब बेलवलकर झाले होते आणि दिग्दर्शन नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे होते, ज्यांना सगळे नाटकवाले 'मास्तर' म्हणत. त्यात राजा नाही, निवृत्त झालेला नट आहे. तो सगळे किडूकमिडूक मुलाला आणि मुलीला देऊन टाकतो, मुलाकडे पटत नाही म्हणून मुलीकडे जातो, तिथे चोरीचा आळ येतो, म्हातारा-म्हातारी घर सोडतात. २०१६ साली त्यावर सिनेमा आला तो गावोगाव मोबाईलवर पाहिला गेला. त्यामुळे वर्गातल्या निम्म्या पोरांना 'नटसम्राट' माहीत होता, पण त्याचा आजा लिअर माहीत नव्हता.

नकाशा पाहिजे

माझा या नाटकाशी संबंध आला तो नकाशामुळे. शाळेत माती परीक्षणाची माहिती सांगायला गेलो होतो. मुलांनी मातीचा नमुना कसा घ्यायचा ते पाहिले, आणि मग एक पोरगा म्हणाला, "सर, तुमच्यापाशी गावाचा नकाशा असन ना? नाटकात लागते." मी म्हटले, नाटकात नकाशा कशाला? तेव्हा त्यांनी सांगितले की पहिल्याच प्रवेशात राजा नकाशा मागवतो आणि त्यावर बोट ठेवून वाटे करतो.

हे मला माहीत नव्हते आणि कळल्यावर फार पटले. वाटणीची भांडणे आपल्याकडे नकाशावरून होत नाहीत, धुऱ्यावरून होतात. विहीर कुणाच्या वाट्याला, रस्ता कुणाच्या वावरातून, आंब्याचे झाड कोणत्या गटात, हे कागदावर बोट ठेवणाऱ्याला दिसत नाही. राजानेही नकाशावर नद्या, रान, कुरणे दाखवून वाटे दिले, पण जमिनीवर राहणारी माणसे त्याला दिसली नाहीत. तलाठ्यांकडून गाव नकाशाची एक जुनी प्रत मिळवून दिली. तो नकाशा पुढे नाटकाचा हीरो झाला, कारण प्रत्येक प्रेक्षक त्यात आपला गट नंबर शोधत होता.

वर्गाने संहिता स्वतः लिहिली. मॅडम एकेक प्रवेश मराठीत वाचून अर्थ सांगत आणि मुले तो आपल्या बोलीत बोलून पाहत. बोललेले वहीत उतरवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तालीम. सप्टेंबरात सुरुवात झाली खरी, पण ऑक्टोबरात सोयाबीन सोंगणीला आले आणि अर्धा वर्ग वावरात गेला. दिवाळीनंतर कापूस वेचणी. पाटलाचे काम करणारा पोरगा दोन आठवडे आलाच नाही. त्यामुळे प्रत्येक पात्राला दोन दोन मुले तयार ठेवावी लागली. हा अनुभव इतर शाळांनी लक्षात घेण्यासारखा आहे.

शंभर सरदारांचा प्रवेश पोरांनी सगळ्यात चांगला जमवला. मूळ नाटकात थोरली लेक म्हणते, शंभर माणसे कशाला, पन्नास पुरेत. राजा रागाने मधलीकडे जातो. ती म्हणते, पंचवीसच आणा. मग दोघी मिळून भाव पाडतात. दहा कशाला? पाच कशाला? एक तरी कशाला? कापसाच्या बाजारात व्यापारी भाव पाडतो तशी ही घासाघीस चालते, आणि माल म्हणजे बापाचा मान.

पोरांच्या नाटकात पाटलाने दोन बैलजोड्या आणि दोन गडी स्वतःकडे ठेवलेले असतात. थोरली म्हणते, "बाबा, दोन जोड्यांचं लटांबर कायले पाह्यजे तुमाले? एक ठेवा." पाटील मधलीच्या दारात जातो. ती म्हणते, "माह्या गोठ्यात एका जोडीलेबी जागा नाई. एक बैल आना." पाटील म्हणतो, एका बैलाने वखर कसा चालेल? तेव्हा थोरली म्हणते, "वखर चालवाले वावर कुठी हाय तुमचं? बैल तरी कायले?"

या वाक्यावर आधी लोक हसले. मग मंडपात एकदम शांत झाले. मागच्या बाजूला बसलेले एक आबाजी शेजाऱ्याला म्हणाले, "असंच झालं माह्यं. चहाची घासाघीस झाली आमच्या घरी." त्यांना दिवसातून तीन वेळा चहा लागायचा, तो दोनवर आला, मग एकवर.

चूक कोणाची?

शोकांतिका म्हणजे नुसते रडगाणे नव्हे. ग्रीस देशात अडीच हजार वर्षांपूर्वी द्राक्षाच्या दारूचा देव डायोनिसस याच्या वसंतातल्या उत्सवात ही नाटके होत. ॲरिस्टॉटल नावाच्या पंडिताने तिचे शास्त्र लिहिले, त्याचे मराठी विंदा करंदीकरांनीच १९५७ साली केले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की शोकांतिकेतला माणूस दुष्ट नसतो आणि संतही नसतो. तो आपल्यासारखा असतो, त्याच्या हातून एक मोठी चूक होते आणि तिची किंमत चुकीपेक्षा फार जास्त मोजावी लागते. पाहणाऱ्याला कीव येते आणि भीतीही वाटते, कारण हे आपल्यावरही येऊ शकते.

मॅडमनी वर्गाला हाच प्रश्न टाकला. चूक कोणाची? निम्मा वर्ग लेकींवर तुटून पडला. एक मुलगी मात्र उभी राहून म्हणाली, "मॅडम, आपल्याकडं पोरींच्या नावावर कोनी वावर करते का? मंग पोरी बापाले छळतीन कशा? आपल्याकडं हे पोरं करतेत." वर्गात हशा झाला, पण मुद्दा बिनतोड होता. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाएवढाच हक्क दिला. तरी गावात काय होते? रक्षाबंधनाला नाहीतर दिवाळीला बहीण माहेरी आली की तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. सही केली तर साडी, नाही केली तर माहेर तुटले. कॉर्डेलियाला बापाने बेदखल केले ते खोटे बोलली नाही म्हणून. आपल्याकडे लेकीला बेदखल व्हायला लेक असणे पुरते.

उरलेला निम्मा वर्ग म्हणाला, चूक बुढ्याची. एका पोराने फार मार्मिक सांगितले. जमीन द्यायची होती तर द्यायची, पण त्याने लिलाव मांडला, आणि लिलावात खोटे बोलणाराच जिंकतो. मला हे मत जास्त पटते. आणखी एक चूक मला दिसते. राजाला जबाबदारी सोडायची होती, पण रुबाब ठेवायचा होता. सातबारा दुसऱ्याचा आणि हुकूम आपला, हे चालत नाही.

पण याची दुसरी बाजू शेतकऱ्यांना सांगायलाच पाहिजे, कारण ती नाटकात येत नाही. पंचेचाळीस वर्षांचा मुलगा रात्रंदिवस वावरात राबतो आणि सातबारा बापाच्या नावावर. त्याला स्वतःच्या नावाने पीककर्ज मिळत नाही. पीएम किसानचा नियम असा की १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत ज्याच्या नावावर जमीन, तोच पात्र. त्यानंतर नाव लागलेले चालते ते फक्त वारसाने आले असेल तर. तो मुलगा वाटणी मागतो तेव्हा तो लगेच लिअरची थोरली लेक होत नाही. बापाने मरेपर्यंत काहीच सोडायचे नाही, हाही हट्टच. मधला रस्ता असा, की मुलांचे वाटे करताना बापाने आणि मायने आपल्या नावाचा वाटा वेगळा ठेवावा. चांगल्यातला, विहिरीजवळचा ठेवावा, धुऱ्याकडचा खडकाळ नव्हे.

कायदा काय सांगतो

खेळ संपल्यावर ग्रामसेवकांनी पाच मिनिटे घेतली. गावच्या अधिकाऱ्यांनी असे करायला हरकत नाही. लोक जागच्या जागी बसलेले असतात आणि मन ओले असते. त्यांनी सांगितलेले आणि मी नंतर नीट पाहून घेतलेले असे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा २००७ चा आहे. मुले सांभाळत नसतील तर आईवडील आपल्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांत साहेबांकडे, अर्ज करू शकतात. तिथे तेच न्यायाधिकरण म्हणून बसतात. वकील लागत नाही. महिना दहा हजार रुपयांपर्यंत चरितार्थ ठरवता येतो आणि नोटीस गेल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. म्हाताऱ्याला सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

शेतकऱ्याच्या सगळ्यात कामाचे कलम मात्र २३ वे. साठी ओलांडलेल्या माणसाने जमीन किंवा घर बक्षीस दिले, आणि घेणाऱ्याने आपल्याला सांभाळावे अशी अट घातली, आणि त्याने सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. इथे अट या शब्दावर बोट ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका निकालात सांगितले की अशी अट होती हे दाखवावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने कायद्याचा अर्थ म्हाताऱ्यांच्या बाजूने उदारपणे लावला आणि आईची मिळकत तिला परत दिली. तरी शहाणपण यात आहे, की कागदावर अट स्पष्ट लिहून घ्यावी. खाणे, राहणे, औषधपाणी, आणि दोघांना एकत्र ठेवणे. लिहायला एक परिच्छेद लागतो. "पोरगा काय परका हाय का?" असे म्हणून तो परिच्छेद गाळला जातो, आणि मग आम्ही ते म्हातारे तहसीलच्या व्हरांड्यात पाहतो.

कड्यावरचा आंधळा

एका प्रवेशावर शिक्षकांच्या खोलीत बरीच चर्चा झाली. नाटकात ग्लॉस्टर नावाचा दुसरा एक म्हातारा आहे. त्याच्या एका मुलाने त्याला फसवलेले, शत्रूंनी डोळे फोडलेले. जगण्यात राम उरला नाही म्हणून तो समुद्रावरच्या उंच कड्याकडे निघतो. वाटेत हाताला धरून नेणारा भिकारी हा खरे तर त्याचा दुसरा मुलगा एडगर, ज्याला त्याने स्वतःच हाकलले होते. मुलगा त्याला सपाट जमिनीवर उभा करतो आणि सांगतो, हा कडा. म्हातारा उडी टाकतो आणि जागच्या जागी पडतो. मग मुलगा आवाज बदलून म्हणतो, तुम्ही एवढ्या उंचावरून पडून वाचलात, तुमच्या जिवाला काही अर्थ आहे. आणि म्हातारा पुढे जगतो.

वाशीम जिल्ह्यात हा प्रवेश करणे सोपे नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्या सहांत वाशीम होते. त्या वर्गातही दोन मुले अशी होती की ज्यांच्या घरात हे घडून गेलेले. मॅडम प्रवेश गाळणार होत्या. त्यांनी आधी त्या दोघांशी वेगळे, शांतपणे बोलून घेतले. त्यातला एक म्हणाला, "ठेवा मॅडम. यात पोरगा बापाले वाचवते." त्यानेच एडगरचे काम मागून घेतले.

ठेवला ते चांगले झाले असे मला वाटते, पण प्रत्येक शाळेने तसेच करावे असे मी म्हणणार नाही. शिक्षकाला वर्गातल्या प्रत्येक घराची माहिती पाहिजे, आणि पोराच्या मनाविरुद्ध एक शब्दही बोलून घेऊ नये. डोळे फोडण्याचा प्रवेश त्यांनी पूर्ण गाळला, तो बरोबरच. पडदा पडल्यावर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहून ठेवला होता. फोनला पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा नंबर कृषी सेवा केंद्राच्या दारावरही लावावा, म्हणजे ज्याला लागेल त्याच्या नजरेस पडेल.

पोरीले सोडा रे!

शेवट बदलावा, असे गावातल्या काही पुढाऱ्यांनी सुचवले होते. संमेलनात बक्षीस वाटप असते, पाहुणे येतात, लोकांना रडवून घरी कशाला पाठवायचे? सूचना काही वेडगळ नाही. आपल्या संस्कृत नाटकांची रीतच गोड शेवटाची. भवभूती हा मोठा नाटककार विदर्भातला, पद्मपूरचा. ते गाव आमगावजवळचे पदमपूर असे मानतात. रामायणात सीता शेवटी धरणीच्या पोटात जाते, पण भवभूतीने 'उत्तररामचरित' लिहिताना राम-सीतेला परत भेटवले. खुद्द इंग्लंडातही लोकांना लिअरचा शेवट सोसला नाही. १६८१ साली नेहम टेट नावाच्या लेखकाने तो बदलला. कॉर्डेलिया जगते, तिचे लग्न होते, राजाला राज्य परत मिळते. दीडशे वर्षे इंग्रज लोक तेच गोड नाटक पाहत होते. १८३८ साली मूळ शेवट पुन्हा रंगमंचावर आला.

मॅडमनी दोन्ही शेवट वर्गाला सांगून हात वर करायला लावले. बेचाळीसपैकी एकोणतीस हात दुःखी शेवटाला. कारण विचारले तेव्हा एक मुलगा म्हणाला, "गोड केलं तं लोक म्हनतीन, जाऊ द्या, होते सगळं बराबर. मंग कोनी घरी जाऊन इचार नाई करनार."

वादळाचा प्रवेश टिनाच्या पत्र्यांवर झाला. चार पोरे मागे पत्रे हलवत होती. पावसासाठी त्यांनी पाठीवरचा फवारणी पंप आणला होता, तो मी लागलीच परत पाठवला. कीटकनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी माणसाच्या अंगावर मारायचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने काय झाले ते आपण विसरलेलो नाही. मग झाडाला पाणी घालायची झारी आणली आणि एक पोरगा स्टुलावर चढून पाटलावर पाऊस पाडत होता. थंडी जानेवारीची, पाटील खरोखर कुडकुडत होता.

शेवटच्या प्रवेशात धाकटीला पकडून नेतात, तेव्हा बायकांच्या बाजूने एक म्हातारी मोठ्याने ओरडली, "पोरीले सोडा रे, मेल्याहो!" कोणी हसले नाही. पाटलाचे काम करणारा पोरगा अंगाने किरकोळ. धाकटीला उचलणे त्याला जमेना, म्हणून त्याने तिचे डोके मांडीवर घेतले. ते उचलण्यापेक्षा बरे दिसले.

दुसऱ्या दिवशी दावेवाल्यांपैकी एका घरातला थोरला शाळेत येऊन मुख्याध्यापकांना बोलून गेला, की हे नाटक मुद्दाम आमच्यावर केले. मुख्याध्यापकांनी त्याला १६०६ सालच्या प्रयोगाची नोंद असलेले छापील पान दाखवले. तो पान वाचत बराच वेळ बसला, असे शिपायाने सांगितले. दावा अजून चालू आहे.

ज्या शाळांना असे काही करायचे असेल त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. शेक्सपिअरच्या मूळ नाटकावर कोणाचा हक्क राहिलेला नाही, आगरकरांच्या 'विकारविलसित'वरही नाही. गोष्ट घेऊन स्वतः लिहिले तर कोणाची परवानगी नको. 'नटसम्राट' किंवा करंदीकरांचे भाषांतर जसेच्या तसे करायचे असेल तर गोष्ट वेगळी. शाळेतल्या मुलांनी आणि शिक्षकांनी फक्त शाळा आणि पालकांपुढे प्रयोग केला तर कायदा सूट देतो. सगळ्या गावाला बोलावले, वर्गणी किंवा तिकीट लावले, तर आधी लेखी परवानगी घ्यावी. दारूचा प्रश्न असलेल्या गावाला राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्या विदर्भातच, सावनेरला वारले, आणि त्यांच्या मागे महिनाभरातच हे नाटक गंधर्व मंडळीने रंगमंचावर आणले. त्यावरही आता कोणाचा हक्क नाही. पूर्ण नाटक फार लांब आहे, सुधाकर आणि तळीराम यांचे तीन-चार प्रवेश निवडावेत.

तालीम मात्र दिवाळीनंतरच सुरू करावी. सोयाबीन घरात आल्याशिवाय पात्रे पूर्ण मिळत नाहीत, आणि तूर सोंगणीला येण्याच्या आत प्रयोग उरकावा लागतो.